करंड्याचे आटे

"मगदूम, हे कुठल्या मशीनवर झालंय ते बघून सांगा," सुर्वे म्हणाले आणि त्यांनी करंडा माझ्या हातात ठेवला.

सुर्वे आमच्या कारखान्याचे सिक्युरिटी ऑफिसर, मिलिटरीतून आलेले. शनिवारचा पाचचा भोंगा होऊन गेला होता. केबिनबाहेर सुटलेल्या शिफ्टची रांग खोळंबली होती. आत टेबलापलीकडे शिवाप्पा वायदंडे उभा होता, हात पाठीमागे धरून. शिवाप्पा आमचा झाडूवाला. सतरा वर्षं तो टूलरूम आणि मशीनशॉप झाडत होता, आणि त्यातली बारा वर्षं मी तिथं टर्नर होतो. बारा वर्षांत "थांब, पाय उचलतो, झाड" यापलीकडे मी त्याच्याशी काही बोललो असेन, तर शप्पथ.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा पंपांचा कारखाना. गेटवर झडती व्हायची ती बाहेर पडताना. आत जाताना झाडूवाल्याच्या पिशवीत कोण हात घालतोय? गरीब माणूस कारखान्यात स्वतःचं काही घेऊन येईल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. शिवाप्पानं तो कुंकवाचा करंडा सकाळी घरून आणला होता. कॅन्टीनमध्ये चपात्या लाटणाऱ्या शालनबाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिला द्यायला. शालनबाई त्या दिवशी आलीच नाही. म्हणून संध्याकाळी करंडा पिशवीत घालून तो परत निघाला आणि गेटवर सापडला. 'सापडला' हा सुर्व्यांचा शब्द.

हे सगळं शिवाप्पानं सांगितलं होतं. ऐकलं कुणी नव्हतं.

मी करंडा फिरवून पाहिला. मुठीत मावेल एवढा. खाली काळसर लाकूड, वर पितळेचं घुमटासारखं झाकण. झाकण उचलायचं नाही, फिरवून काढायचं. लाकडावर आटे, झाकणाच्या आत आटे. मी फिरवलं. कुठं अडकणं नाही, डगडग नाही. शेवटच्या फेऱ्याला झाकण लाकडावर असं बसलं की सांध्यावरून नख फिरवलं तरी सांधा लागेना.

झाकण मी परत काढलं, परत बसवलं. मला वाटलं, राग आलाय.

"आटे बघा साहेब," मी म्हणालो. "आटे काय हातानं निघत नाहीत. त्याला लेथचा लीड स्क्रू लागतो. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, एक फेरा फिरला की हत्यार किती पुढं सरकायचं, ते गिअर ठरवतात. हे दीड मिलिमीटरचे आटे आहेत. आमच्या टूलरूमच्या लेथवरच झालंय हे."

आटे मोजायचं पिच गेज माझ्या वरच्या खिशात होतं. ते मी काढलं नाही. चाळीस माणसं काचेतून बघत होती, आणि फोरमनच्या खालोखालच्या चार्जहँडच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं होतं. अशा वेळी टर्नर मोजत बसत नाही. डोळ्यानं सांगतो.

"कुणी करून दिलं?" सुर्व्यांनी शिवाप्पाला विचारलं.

"मीच केलंय."

"तू? कशावर? झाडूवर?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. ते लपवून ठेवायचं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मीही हसलो.

"कंपनीचा माल, कंपनीचं मशीन," सुर्वे म्हणाले. "सोमवारी अकरा वाजता पर्सोनेलच्या किणीकर साहेबांपुढं हजर व्हायचं. करून देणाऱ्याचं नाव सांगितलंस तर बघू. नाहीतर नोकरी गेली म्हणून समज. मगदूम, तुम्ही साक्षीला."

शिवाप्पा त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता.

"मगदूम अण्णा, उद्या रविवार हाय. घराकडं या. माझं मशीन बघा. मग सोमवारी काय सांगायचं ते सांगा."

"तुझ्या घरात मशीन?"

"या की."

गेलो. खरं सांगायचं तर त्याला पकडायला गेलो. मला वाटलं होतं, कुणीतरी भंगारातलं लेथ याच्या घरात टाकलंय, कारखान्यातला माल तिकडं जातोय, आणि सोमवारी मी किणीकरांपुढं सगळंच उघडं करीन. चार्जहँड काय, फोरमनसुद्धा करतील मला.

ओढ्यापलीकडची वस्ती. पत्र्याचं दोन खणांचं घर. दारात त्याची बायको कलाक्का तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमीच व्हय ते? चोर म्हटलेले?"

"चोर म्हटलं नाही मी."

"मग काय म्हटलासा?"

ती ताट घेऊन उठली.

"च्या ठेवते. घेणार न्हवं आमच्यातला?"

"घेणार की."

"बघू," ती म्हणाली आणि आत गेली.

मागच्या खणात शिवाप्पा होता. खिडकीखाली त्याचं मशीन. मी ते बघितलं आणि पहिल्यांदा हसूच आलं. शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड, पायानं हलवायच्या पाटीसकट. वर मशीन नाही. त्याजागी दोन अँगल समांतर आवळलेले. डाव्या बाजूला कसलंतरी जुनं बेअरिंग आणि त्यात फिरणारा दांडा, उजव्या बाजूला जॉब टेकवायला टोकदार सळई. मधे हत्यार टेकवायला एक पट्टी. बास. गिअर नाहीत, लीड स्क्रू नाही, मोटर नाही. हत्यार धरायला काही नाही, माणसाच्या हाताशिवाय.

"ह्याच्यावर?" मी म्हणालो.

"ह्याच्यावर."

चाकावरून वर गेलेला पट्टा मी हातात धरून बघितला. चामडं नव्हतं. दोर होता, घायपाताच्या वाखाचा.

"ह्याला गाठ कुठाय?" मी विचारलं.

"गाठ कशी चालंल अण्णा? फेऱ्याफेऱ्याला दचका बसंल, हत्यार उडंल. दोन्ही टोकं सोडून एकमेकांत वळलीत. आमच्या बापानं जनमभर तुमच्या लोकांच्या बैलांसनी दावी वळून दिली. तेवढं येतंय आम्हाला."

मी सांधा शोधला. नाही सापडला.

तो स्टुलावर बसला. बाभळीचा एक तुकडा आधीच गोल करून लावलेला होता. पाय पाटीवर, दोन्ही हात हत्याराच्या मुठीवर, मुठीचं टोक काखेत दाबलेलं. पाय हलायला लागला तसं लाकूड फिरायला लागलं आणि हत्यार टेकल्याबरोबर पातळ लांब साल निघून त्याच्या मनगटावर पडायला लागली. धूळ नाही, साल. मी बारा वर्षं लोखंड कापत होतो. लाकूड असं सोलताना कधी बघितलं नव्हतं. आणि त्याचा चेहरा. कारखान्यात त्याला चेहरा होता हेच मला माहीत नव्हतं.

"शिकलास कुणाकडं?"

"तुमच्याकडंच की."

"माझ्याकडं?"

"सगळ्यांकडं. सतरा वर्षं तुमच्या मशीनखालचा कीस मी गोळा करतोय. कीस बघितला की कळतंय, हात कसा चाललाय. तुमच्या शेजारच्या लेथवरच्या दस्तगीरभाईंचा कीस लांब आणि सोनेरी. शांत माणूस. तुमचा निळा असतोय अण्णा. तुटका, निळा. धार संपलेली असती, पर तुम्ही थांबत न्हाईसा. घाई."

कारखान्यात मला असं कुणी बोललं असतं तर मी कॉलर धरली असती. पण ते खरं होतं. टार्गेट पुरं करायला मी बोथट हत्यार तसंच रेटायचो, वेग वाढवायचो, लोखंड तापून निळं पडायचं. माझ्या फोरमनला ते कधी कळलं नव्हतं. माझ्या मागं खाली वाकून झाडणाऱ्याला कळलं होतं.

"आटे काढ," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "बाकी राहू दे. आटे काढून दाखव."

त्यानं भिंतीवरच्या कप्प्यातून एक हत्यार घेतलं. जुनी कानस होती ती, चुलीत घालून मऊ केलेली, टोकाला पाच-सहा दाते पाडलेले, परत तापवून पाण्यात बुडवून कडक केलेली. कंगव्याचा तुकडा असावा तशी.

"दाते कशावरून पाडलेस?"

"आईची फणी हाय. उवांची. ती ठेवली वर आणि दात्यावर दाता धरून घासलं. दोन महिनं लागलं."

मग त्याचा पाय हळू झाला. हत्यार त्यानं लाकडाला जेमतेम शिवलं आणि डावीकडं एक झोका दिला. नुसती पुसट रेघ उमटली. परत मागं, परत झोका. दुसऱ्या झोक्याला दाते पहिल्या रेघेत गेले. तिसऱ्याला खोल. मी श्वास धरून उभा. आमच्या लेथवर हत्यार किती सरकायचं ते लोखंडाचे दात ठरवतात, माणसानं फक्त खटका ओढायचा. इथं फिरणाऱ्या लाकडाबरोबर किती सरकायचं हे त्याच्या पायाला माहीत होतं आणि पायाचं हाताला माहीत होतं. आठ-दहा झोके झाले. पाय थांबला. त्यानं लाकूड काढून माझ्या हातात दिलं. सुरेख आटे. गरम होते अजून.

"मला बसू दे," मी म्हणालो.

"बसा."

कलाक्का चहा घेऊन आली होती ती दारातच थांबली. मी बसलो. पाय हलवला तर चाक उलटं फिरलं. सरळ फिरवायला शिकलो तर हाताकडं लक्ष जाईना. हत्यार टेकवलं, झोका दिला, रेघ उमटली. परत झोका दिला, तर दुसरीच रेघ उमटली, पहिलीला आडवी कापत. तिसऱ्यांदा हत्यारानं लाकडात दात रुतवले आणि टवका उडून माझ्या हनुवटीला लागला.

कलाक्का मोठ्यानं हसली. "कारखान्यातल्या मशीनला पाय न्हाईत न्हवं अण्णा, म्हणून!"

"गप ग," शिवाप्पा म्हणाला. पण तोही हसत होता.

मी आणखी तीन तुकडे वाया घालवले. घामानं सदरा पाठीला चिकटला. बारा वर्षं काम केलेला टर्नर, आयटीआयला पहिला आलेला. चौथा तुकडाही तुटला तेव्हा मी हत्यार खाली ठेवलं आणि खिशातलं पिच गेज काढलं. शनिवारी काढायला हवं होतं ते. त्याच्या आट्यांवर गेजचं दीड मिलिमीटरचं दातेरी पान लावलं. बसेना, खालून उजेड दिसत होता. पावणेदोनचं लावलं, ते वर चढलं. मग इंची पानं लावली. इंचाला सोळा आट्यांचं पान पहिल्या दोन आट्यांत बसलं, तिसऱ्याला सुटलं. सगळी पानं लावून झाली. कुठलंच बसलं नाही. हे ना मेट्रिक होतं ना इंची. हे त्याच्या आईच्या फणीचं माप होतं, आणि आमच्या टूलरूमच्या गिअरबॉक्सवर जी पाटी आहे, तिच्यावर ते माप नाही.

मी पत्र्याला टेकून चहा प्यायलो. थंड झाला होता. भिंतीवर फळी होती. तिच्यावर भोवरे, लाटणी, एक पितळी मुठीची काठी, बाळाचा खुळखुळा, पाच-सहा करंडे. खाली भंगारवाल्याकडून आणलेल्या फुटक्या समईचे तुकडे.

"विकत का नाहीस?" मी विचारलं.

"इकायला कशाला?"

"मग करतोस कशाला?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"बरं वाटतंय," तो म्हणाला.

आमच्या जनरल मॅनेजरना पोस्टाची तिकिटं जमवायचा छंद होता. त्यांच्या तिकिटांचं प्रदर्शन कारखान्याच्या वर्धापनदिनाला मांडलेलं असायचं, काचेखाली, शेजारी गुलाबाची फुलं, आणि आम्ही सगळ्यांनी रांगेनं ते बघायचं. त्या हॉलची फरशी शिवाप्पा पुसायचा. त्याला छंद असू शकतो असं त्या हॉलमधल्या एकालाही वाटलं नसतं. साहेबाकडं करंडा असता तर छंद. झाडूवाल्याकडं असला तर चोरी. यात सुर्वे एकटे नव्हते. शिक्का मी मारला होता.

निघताना मी म्हणालो, "उद्या सांगतो."

"काय सांगणार?" कलाक्कानं विचारलं.

"बघितलं ते."

"बघू," ती परत म्हणाली.

सोमवारी अकराला पंधरा मिनिटं असताना सुर्व्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"मगदूम, शनिवारी बोललात तेच बोला. फाटे फोडू नका. चार्जहँडची यादी आजच सहीला जातेय, माहितेय ना?"

माहीत होतं. घरी बायकोला सांगूनही झालं होतं.

किणीकर साहेबांच्या केबिनमध्ये पंखा फिरत होता. टेबलावर करंडा, शेजारी टाइप केलेला कागद. शिवाप्पा उभा, मी उभा. सुर्वे बसलेले.

"मगदूम," किणीकर म्हणाले, "ही वस्तू आपल्या टूलरूमच्या लेथवर तयार झालीय, असं तुमचं म्हणणं आहे. बरोबर?"

"नाही साहेब."

सुर्व्यांनी खुर्ची सरकवली.

"शनिवारी तुम्ही चारचौघांत सांगितलंत," ते म्हणाले.

"चुकीचं सांगितलं." मी पिच गेज काढलं आणि झाकण उघडून एकेक पान लावून दाखवलं. "यातलं एक पान बसवून दाखवा, साहेब. आपल्या लेथवर हे आटे निघतच नाहीत. पितळही आपलं नाही. आपल्याकडं गनमेटल आहे, ते तांबूस असतं. हे फुटक्या समईचं पितळ आहे, बाजारातल्या भंगारवाल्याकडचं. यानं हे घरी केलंय, पायानं चालवायच्या मशीनवर. मी काल डोळ्यानं बघितलं."

"म्हणजे तुमचा गैरसमज झाला होता." किणीकरांनी पेन उचललं. "तसं लिहितो. गैरसमजामुळे."

"गैरसमज नाही."

"मग काय लिहू?"

आता ते तोंडातून निघेना. बारा वर्षांत मी ते वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. फोरमन कसलंही ड्रॉइंग आणून टाकायचा, आणि आम्ही म्हणायचो, होतंय की, त्यात काय. टर्नर मरेल, पण ते वाक्य म्हणणार नाही.

"लिहा," मी म्हणालो. "हे काम मला येत नाही. मला येत नाही म्हणून ते कुणालाच येत नसणार, असं मी धरून चाललो. त्यातून झाडूवाल्याला तर नाहीच. असंच लिहा, साहेब. टूलरूमच्या टर्नरला येत नाही ते याला येतं."

सुर्वे म्हणाले, "डोकं फिरलंय का तुमचं?"

किणीकरांनी कागद पुढं ओढला. मग लिहिलं त्यांनी, थोडं मऊ करून. खाली एक ओळ जोडली आणि कागद शिवाप्पापुढं सरकवला. "जा, सुटलास. इथं सही कर."

शिवाप्पानं कागद उचलला. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यानं वाचलं. मला तर तो वाचतो हेही माहीत नव्हतं.

"'संशयाचा फायदा देऊन' असं हाय साहेब हितं."

"तशी पद्धत असते."

"संशय कसला ऱ्हायला? ह्यांनी सांगितलं की आता."

"अरे, नोकरी वाचली ना तुझी? कर सही."

"संशय खोडा," शिवाप्पा म्हणाला. "मग करतो."

पंखा फिरत होता. त्याची सतरा वर्षांची नोकरी त्या कागदावर होती, आणि कागद त्यानं टेबलावर परत ठेवला होता, हात मागं धरून. असा ताठ माणूस मी त्या केबिनमध्ये आधी बघितला नव्हता, नंतरही नाही. आमचे युनियनचे पुढारीसुद्धा तिथं कमरेत वाकायचे.

"खोडा साहेब," मी म्हणालो.

किणीकरांनी ओळीवर रेघ मारली. शिवाप्पानं सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, सावकाश. मग टेबलावरचा करंडा उचलला.

चार्जहँडच्या यादीत माझं नाव नव्हतं. पुढंही कधी आलं नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

व्हरांड्यात तो माझ्यापुढं चालत होता. मी त्याला गाठलं. मला वाटलं होतं तो आभार मानेल. नाही मानले. का मानावेत?

"शिवाप्पा," मी म्हणालो, "मला शिकवाल का? आटे काढायला. दर रविवारी येत जाईन. लाकूड मी आणीन."

तो थांबला. त्यानं विचार केला, खरोखर केला, घाईनं उत्तर दिलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

"का? शनिवारचं मनात आहे म्हणून?"

"ते हाय. पर त्यासाठी न्हाई." करंडा त्यानं पिशवीत नीट ठेवला. "तुम्ही चांगलं कारागीर हाईसा अण्णा. तुम्ही याल, चार दिवस बघाल, मग म्हणाल, हिथं मोटर बसवू. मग म्हणाल, दिवसाला चार निघतील, दहा निघतील. मग कुणाला तरी दाखवाल. तो ऑर्डर आणंल. आठवड्यात माझं सहा दिवस हितं जात्यात. एक रविवार माझा हाय. तुम्ही आलासा की माझ्या घरात सोमवार शिरंल."

तो म्हणाला ते मी शंभर टक्के केलं असतं. मोटर तर मी कालच मनातल्या मनात बसवून आलो होतो.

तो झाडू घ्यायला गेला. त्यानंतर नऊ वर्षं, तो रिटायर होईपर्यंत, आम्ही एका शेडमध्ये होतो. बोलायचो, आता बरंच बोलायचो. त्याच्या घराकडं मात्र मी पुन्हा गेलो नाही. दर रविवारी सकाळी सायकल बाहेर काढायचो, ओढ्यापर्यंत जायचो. पलीकडं मशीनची ती पायाखालची पाटी खाली-वर होत असणार हे माहीत असायचं. तिथून मागं फिरायचो.